अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी: कागदी पट्ट्यांपासून लसाविपर्यंत

१/२ + १/३ किती, असं विचारलं की बरीच मुलं २/५ लिहून मोकळी होतात. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मुलाच्या नजरेत अपूर्णांक ही एक संख्या नसतेच. रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या असतात, आणि सुट्या संख्या मिळवायला तर ते केव्हाच शिकलेलं असतं. अमेरिकेतल्या १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचं फक्त अंदाजे उत्तर निवडायला सांगितलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला अगदी खेटून आहेत, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. ते जेमतेम २४ टक्के मुलांना जमलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे सरळ अंशांची किंवा सरळ छेदांची बेरीज केली.

त्यामुळे शिकवण्याचा बहुतेक वेळ नियमाच्या आधी खर्च करायचा असतो. छेद सांगतो तुकडा केवढा आहे, अंश सांगतो असे तुकडे किती आहेत, आणि एकत्र मोजता येतात ते फक्त एकाच मापाचे तुकडे. एवढं पक्कं झालं की समान छेद करण्याची गरज मुलालाच जाणवते. हे न होता लसाविचा (दोन्ही छेदांनी भाग जाणाऱ्या सगळ्यांत लहान संख्येचा) नियम हातात दिला, तर मूल त्या आठवड्यात सगळी गणितं बरोबर सोडवतं आणि अपूर्णांकांचा गुणाकार सुरू झाला की दोन्ही नियमांची खिचडी करतं.

सुरू करण्याआधी पाच प्रश्न

बेरजेला हात घालण्याआधी मुलाला हे विचारा. कागद-पेन्सिल चालेल, पण उत्तराचं कारण तोंडी सांगायला लावा.

१. चार असमान भाग केलेला चौकोन दाखवा, एक भाग रंगवा. हा १/४ आहे का?
२. १/५ मोठा की १/८? (मोठ्या छेदाला मोठा अपूर्णांक समजणारी मुलं इथेच सापडतात.)
३. ६/६ म्हणजे किती?
४. २/३ = ?/१२
५. ० ते २ अशी संख्यारेषा काढून तिच्यावर ३/४ दाखव.

पाचवा प्रश्न सगळ्यांत बोलका. पुष्कळ मुलं सबंध रेषेचा पाऊण भाग मोजतात आणि खूण दीडवर करतात. त्यांच्या लेखी ३/४ ही ‘कशाचा तरी भाग’ आहे, स्वतःची जागा असलेली संख्या नव्हे. अशा मुलाला बेरीज शिकवण्याची घाई करू नका. दोन-तीन दिवस संख्यारेषेवरच काढा: १/४, २/४, ३/४, ४/४, ५/४ अशा उड्या मारत एक ओलांडून पुढे जायचं. चौथा प्रश्न अडला तर हरकत नाही, तो पुढे येणारच आहे. पाढे कच्चे असतील तर मात्र समोर पाढ्यांचा तक्ता ठेवा. एका वेळी एकच अडचण पुरे.

पट्ट्यांचा संच

एक जाडसर ए-फोर कागद घ्या. त्याची लांबी २९.७ सेंमी आणि रुंदी २१ सेंमी असते. लांबीतून २४ सेंमी घ्या आणि प्रत्येकी ३ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा. बरोबर सात पट्ट्या निघतात. एक पट्टी अखंड ठेवायची, ती म्हणजे १. बाकीच्यांचे तुकडे असे:

दुसऱ्या पट्टीचे २ तुकडे, प्रत्येकी १२ सेंमी
तिसरीचे ३, प्रत्येकी ८ सेंमी
चौथीचे ४, प्रत्येकी ६ सेंमी
पाचवीचे ६, प्रत्येकी ४ सेंमी
सहावीचे ८, प्रत्येकी ३ सेंमी
सातवीचे १२, प्रत्येकी २ सेंमी

२४ सेंमी घेण्याचं कारण उघड आहे: सगळी मापं पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. घड्या घालून तुकडे करू नका. अर्ध्या-पावाला घडी चालते, पण तीन सारखे भाग घडीने नीट होत नाहीत, आणि दोन मिलिमीटरची चूक झाली तरी पुढे १/३ आणि २/६ जुळत नाहीत. मूल डोळ्यांवर विश्वास ठेवून ‘हे सारखे नाहीत’ म्हणतं, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं. प्रत्येक छेदाला एक रंग द्या आणि अपूर्णांक तुकड्याच्या मागच्या बाजूला लिहा. समोर लिहिलं की मुलं तुकडा अखंड पट्टीला लावून न बघता नुसता आकडा वाचतात. असे दोन संच करा, कारण बेरीज एकाच्या पुढे गेली की एका संचातले तुकडे संपतात.

पंचमांशासाठी २४ उपयोगाचा नाही. त्याला २० सेंमीचा वेगळा छोटा संच करा: अर्धा १० सेंमी, पाव ५, पंचमांश ४, दशांश २. दोन संचांतले तुकडे एकमेकांत मिसळू देऊ नका. ‘एक’ वेगवेगळा असेल तर त्यांची बेरीज करण्यात अर्थच उरत नाही. गोल आकृत्या शक्यतो टाळा. अर्धा-पाव गोलात छान दिसतो, पण पाचवा भाग आणि सहावा भाग नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय पट्टीचे तुकडे एकापुढे एक ठेवून मोजता येतात, तशी सोय गोलात नाही.

समान छेद: तुकडे किती आणि कसले?

३/८ + २/८ पासून सुरू करा. तीन तुकडे मांडा, पुढे दोन मांडा, आणि दोनच प्रश्न विचारा: तुकडे किती झाले? कसले तुकडे आहेत? पाच, अष्टमांश. म्हणून ५/८. हे दोन प्रश्न शेवटपर्यंत सोडायचे नाहीत, अगदी पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीतही.

सुरुवातीचे दिवस ‘तीन छेद आठ’ असं न म्हणता ‘तीन अष्टमांश’ म्हणा. ‘तीन छेद आठ’ ऐकताना दोन आकडे कानावर पडतात. ‘तीन अष्टमांश अधिक दोन अष्टमांश’ ऐकल्यावर मात्र पाच अष्टमांश हे उत्तर आपसूक तोंडात येतं. दहा छेदाला तेवढं ‘दहावा भाग’ म्हणावं, कारण दशांश म्हटलं की मोठी मुलं दशांश चिन्हाकडे वळतात.

इथेही ५/१६ लिहिणारं मूल भेटेल. ‘चूक आहे’ म्हणण्याऐवजी ५/१६ आणि ३/८ यांतलं मोठं कोणतं ते विचारा. ३/८ म्हणजे ६/१६. म्हणजे ३/८ मध्ये भर घातल्यावर उत्तर ३/८ पेक्षा लहान झालं! हीच युक्ती १/२ + १/३ = २/५ लाही लागू पडते: २/५ तर निम्म्याहून कमी आहे, आणि आपण अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं होतं.

एखादं हुशार मूल इथे वाद घालतं: ‘एका चाचणीत ५ पैकी ३ बरोबर, दुसऱ्या चाचणीत ५ पैकी ४ बरोबर, तर एकूण १० पैकी ७. मग छेदांची बेरीज चुकीची कशी?’ हा प्रश्न झटकू नका. त्याचं म्हणणं खरं आहे, पण तिथे ‘सबंध’ बदललं आहे: आधी पाच प्रश्न म्हणजे सबंध, नंतर दहा. अपूर्णांकांच्या बेरजेत ‘एक’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. ३/५ + ४/५ = ७/५ म्हणजे एकापेक्षा जास्त, आणि मीटरची लांबी घेतली तर तेच बरोबर ठरतं.

मग ५/८ + ६/८ सारखी उदाहरणं. अकरा अष्टमांश. त्यातले आठ तुकडे अखंड पट्टीखाली बसवा, तीन उरतात: १ पूर्णांक ३/८. टंकलेखनाच्या सोयीसाठी या लेखात तिरकी रेघ वापरली आहे. वहीत मात्र नेहमी आडवी रेघ आणि पूर्णांक ठळक, रेघेच्या मध्यावर. तिरकी रेघ वापरणाऱ्या मुलांचा १ ३/८ पुढच्याच ओळीत १३/८ होतो.

सममूल्य अपूर्णांक

१/२ च्या तुकड्याखाली बाकीचे तुकडे लावून नेमके जुळणारे शोधायला सांगा: २/४, ३/६, ४/८, ६/१२. मग २/३ खाली: ४/६, ८/१२. या जोड्या मुलानेच वहीत लिहायच्या आणि त्यांतला संबंधही त्यानेच शोधायचा. तुकडे दुप्पट झाले, पण प्रत्येक तुकडा निम्मा झाला. म्हणून लांबी तीच.

दोन चुका नेमाने दिसतात. पहिली, वर-खाली एकच संख्या मिळवणं: २/३ चं ४/५. ३ चं ५ करायला २ मिळवले, म्हणून वरही २. याला उतारा १/२ चा: १ मिळवला तर २/३, आणखी १ मिळवला तर ३/४. अर्धा वाढत वाढत पाऊण झाला, म्हणजे मिळवून सममूल्य होत नाही. दुसरी चूक, फक्त छेद बदलणं आणि अंश तसाच ठेवणं. ही बेरजेच्या पुढच्या टप्प्यात जास्त दिसते.

एक छेद दुसऱ्याच्या पटीत

वेगळ्या छेदांची सुरुवात १/२ + १/३ ने करण्याचा मोह होतो. त्याआधी २/३ + १/६, ३/४ + १/८, १/३ + ५/१२ अशी उदाहरणं हवीत, जिथे फक्त एकच अपूर्णांक बदलावा लागतो. या टप्प्याला इतर टप्प्यांपेक्षा जास्त दिवस द्या. समान छेदाची सगळी कल्पना इथेच बसते.

पट्ट्यांवर २/३ (१६ सेंमी) मांडा, पुढे १/६ (४ सेंमी) ठेवा. तुकडे किती? तीन. कसले? इथे मूल अडखळतं, कारण दोन वेगळ्या मापांचे तुकडे आहेत. हे अडखळणं हवंच आहे. लगेच मदत करू नका. ‘सगळे एकाच मापाचे कसे करता येतील?’ एवढंच विचारा. बहुतेक मुलं तृतीयांशांच्या जागी षष्ठांश ठेवून बघतात: ४/६ + १/६ = ५/६.

वहीत तीन ओळी पुरेत:

२/३ + १/६
= ४/६ + १/६
= ५/६

मधली ओळ गाळू देऊ नका. २/६ + १/६ = ३/६ असं आलं की समजायचं, छेद बदलला पण अंश तसाच राहिला. तेव्हा मुलाला पट्टीवर २/३ च्या खाली २/६ ठेवायला सांगा. १६ सेंमीच्या खाली ८ सेंमी. अर्धी लांबी गेली कुठे?

१/३ + ५/१२ मध्ये उत्तर ९/१२ येतं, ते ३/४. संक्षिप्त रूपाचा आग्रह आत्ता धरू नका. ९/१२ लिहिलं तर उत्तर पूर्ण बरोबर आहे असं म्हणा आणि मग वेगळा प्रश्न म्हणून ‘याहून मोठ्या तुकड्यांत सांगता येईल का?’ हे विचारा. दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या की बरोबर बेरीज केलेल्या मुलालाही वाटतं, आपल्याला बेरीज येत नाही.

दोन्ही छेद बदलावे लागतात तेव्हा

आता १/२ + १/३. बारा आणि आठ, मिळून २० सेंमी. एकाच मापाच्या कोणत्या तुकड्यांनी ही लांबी भरते? ३ सेंमीचे तुकडे बसत नाहीत. ४ सेंमीचे पाच बसतात, २ सेंमीचे दहा. म्हणून ५/६ किंवा १०/१२. दोन्ही उत्तरं मुलासमोर एकत्र येणं फार उपयोगी आहे: समान छेद अनेक असतात, लहान छेद फक्त सोयीचा.

पट्ट्यांवरून आकड्यांकडे येताना चौकटीच्या वहीतला आयत मधला पूल म्हणून चांगला. २/३ + १/४ साठी ३ ओळी आणि ४ स्तंभ असलेला आयत आखा, १२ चौकटी. दोन ओळी म्हणजे २/३, म्हणजे ८ चौकटी. एक स्तंभ म्हणजे १/४, म्हणजे ३ चौकटी. एकूण ११ चौकटी, ११/१२. एक खबरदारी घ्या: दोन्ही भाग एकाच आयतात रंगवले तर ते दोन चौकटींत एकमेकांवर येतात आणि मूल ९ मोजतं. शेजारी-शेजारी दोन सारखे आयत काढा, एकात ८ रंगवा, दुसऱ्यात ३, आणि मग मोजा.

५/६ + ३/८ सारख्या उदाहरणात दोन्ही छेदांचा गुणाकार ४८ येतो, पण लसावि २४ आहे. लसावि काढण्याची सगळ्यांत सुटसुटीत रीत ही: मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा आणि प्रत्येक संख्येला लहान छेदाने भाग जातो का ते बघायचं. ८, नाही, १६, नाही, २४, हो. मग २०/२४ + ९/२४ = २९/२४ = १ पूर्णांक ५/२४. ७/१२ + ५/१८ मध्ये १८ चा पाढा दुसऱ्याच पायरीला ३६ देतो: २१/३६ + १०/३६ = ३१/३६. मूळ अवयव पाडून लसावि काढणं शाळेत शिकवतात आणि ते यावंही, पण दोन छोट्या छेदांसाठी ती फार लांबची वाट आहे.

मुलाने ४८ घेऊन ४०/४८ + १८/४८ = ५८/४८ केलं तर ते चूक नाही. फक्त शेवटी जास्त काम पडतं.

तिरकस गुणाकाराची रीत (पहिल्याचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद, वगैरे) उत्तर बरोबर देते, पण ती शेवटी यावी, आणि नाही आली तरी चालेल. ७/१२ + ५/१८ तिने केलं तर १८६/२१६ असं अवजड उत्तर येतं. तीन अपूर्णांकांची बेरीज आली की रीत तिथेच अडते. आणि समच्छेद अपूर्णांक दिले तरी मुलं तिरके गुणाकार करत बसतात: २/७ + ३/७ चं ३५/४९. असं उत्तर दिसलं की समजावं, मूल आकड्यांकडे न बघता बाण मारतंय.

वजाबाकी

समान छेदाचं सगळं जसंच्या तसं लागू होतं, त्यामुळे ते पुन्हा शिकवायला नको. वेगळं आहे ते चित्र काढणं. ३/४ − १/३ साठी मूल तीन तुकडे मांडतं आणि त्यांतला एक उचलतं: ‘तीनातला एक, म्हणजे एक तृतीयांश.’ उत्तर २/४. त्याने पाऊण भागाचा तिसरा भाग काढला. काढायचा होता सबंध पट्टीचा तिसरा भाग.

यावर पट्ट्यांनी उचलून काढण्याऐवजी तुलना करणं जास्त चांगलं. वर ३/४ (१८ सेंमी), खाली १/३ (८ सेंमी), डावी टोकं जुळवून. उजवीकडे उरलेली मोकळी जागा म्हणजे उत्तर. ती १० सेंमी आहे; त्यात २ सेंमीचे पाच तुकडे बसतात, म्हणून ५/१२. मग आकड्यांत: ९/१२ − ४/१२ = ५/१२.

पूर्ण संख्येतून वजा करताना ३ − २/५ घ्या. ३ चं २ पूर्णांक ५/५ करायचं, उत्तर २ पूर्णांक ३/५. इथे ३ पूर्णांक ३/५ हे उत्तर वारंवार येतं: ५/५ उघडले, पण तीनातला एक कमी करायचा राहिला. उत्तर ३ पेक्षा मोठं कसं, एवढा एक प्रश्न पुरतो.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक

बेरीज सोपी आहे. पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे मिळवायचे. २ पूर्णांक ३/४ + १ पूर्णांक ५/६ = ३ पूर्णांक १९/१२ = ४ पूर्णांक ७/१२. अंशाधिक झालेला (अंश छेदापेक्षा मोठा असलेला) भाग पुन्हा पूर्णांकात मिळवायचा राहतो, तेवढंच लक्षात आणून द्या.

खरी कसोटी ४ पूर्णांक १/६ − १ पूर्णांक ३/४ अशा वजाबाकीची. समान छेद केल्यावर ४ पूर्णांक २/१२ − १ पूर्णांक ९/१२. दोनातून नऊ जात नाहीत. इथे एक सुट्टा करायचा, आणि तो १२/१२ होतो: ३ पूर्णांक १४/१२ − १ पूर्णांक ९/१२ = २ पूर्णांक ५/१२.

दोन चुका ठरलेल्या. काही मुलं पूर्ण संख्यांच्या सवयीने दहा आणतात आणि २ चे १२ करतात. त्यांचं उत्तर २ पूर्णांक ३/१२ येतं. काही जण नऊतून दोन वजा करून ३ पूर्णांक ७/१२ लिहितात. दोघांनाही एकच विचारायचं: एका पूर्ण पट्टीत बारावे भाग किती?

ज्या मुलाला सुट्टे करणं जड जातं त्याला पुढे मोजत जाण्याची रीत द्या. १ पूर्णांक ३/४ पासून २ पर्यंत १/४. २ पासून ४ पूर्णांक १/६ पर्यंत २ पूर्णांक १/६. दोन्ही मिळून २ पूर्णांक ५/१२. संख्यारेषेवर दोन उड्या, उसनवारी नाही.

सगळं अंशाधिक करून वजाबाकी (२५/६ − ७/४ = ५०/१२ − २१/१२ = २९/१२) हीसुद्धा बरोबर रीत आहे आणि लहान पूर्णांकांना सोयीची. पण २७ पूर्णांक १/३ − १४ पूर्णांक ५/८ त्या रीतीने केलं तर ६५६/२४ − ३५१/२४ अशी मजल गाठावी लागते, आणि चुका अपूर्णांकांच्या न होता गुणाकाराच्या होतात. सुट्टे करून तेच २६ पूर्णांक ३२/२४ − १४ पूर्णांक १५/२४ = १२ पूर्णांक १७/२४.

सराव कसा द्यावा

एका बैठकीत आठ-दहा उदाहरणं पुष्कळ झाली. सोडवण्याआधी प्रत्येकापुढे अंदाज लिहायला लावा: निम्म्याहून कमी, निम्म्याहून जास्त की एकाहून जास्त? त्यासाठी एवढंच बघावं लागतं की प्रत्येक अपूर्णांक ०, १/२ आणि १ यांपैकी कशाच्या जवळ आहे. ५/९ + ७/१२ दोन्ही निम्म्याहून जास्त, म्हणजे उत्तर एकाच्या वर. अंदाज न जुळल्यास मूल स्वतःच मागे वळून बघतं.

कधी कधी दहा उदाहरणं द्या आणि ती सोडवायची नाहीत असं सांगा. फक्त वर्गवारी: छेद समान आहेत, एक दुसऱ्याच्या पटीत आहे, सामाईक अवयव आहे, की काहीच सामाईक नाही. दुसऱ्या दिवशी चुकीची सोडवलेली उदाहरणं द्या आणि चूक कोणत्या ओळीत झाली ते शोधायला लावा. □ + १/६ = २/३ असे रिकाम्या चौकटीचे प्रश्न बेरीज-वजाबाकी एकमेकांना जोडतात.

शाब्दिक उदाहरणं देताना शब्द जपून वापरा. ‘३/४ मीटर दोरीतून १/३ मीटर कापली’ आणि ‘३/४ मीटर दोरीचा १/३ भाग कापला’ या दोन वाक्यांची उत्तरं वेगळी आहेत: पहिल्यात ५/१२ मीटर उरते, दुसऱ्यात १/२ मीटर. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून मुलाला पट्टीवर दोन्ही करून बघायला सांगा. आधी आलेली ‘तीनातला एक’ ही चूक दुसऱ्या वाक्याचं बरोबर उत्तर होती, हे त्याला तेव्हा दिसतं.